मापाच्या वहीतला हिशोब

माझे वडील पैठणला शिलाईकाम करतात. गिऱ्हाइकांची मापं लिहायची त्यांची एक लांबट वही आहे. तिच्या एका पानावर, कुणाच्या तरी पँटच्या मापांखाली, माझ्या नोकरीचा हिशोब लिहिलेला आहे. अक्षर आमच्या खो-खोच्या सरांचं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सर दुकानात आले, मशीनसमोरच्या स्टुलावर बसले, चहा प्यायले आणि वडिलांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. वर लिहिलं चाळीस हजार, म्हणजे बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी झाल्यावर सरकारी शाळेत मिळणारा पगार. खाली चार हजार, म्हणजे शैक्षणिक कर्जाचा हप्ता. वजाबाकी केली आणि छत्तीस हजारांभोवती गोल काढला.

"आप्पा, पोरीच्या पायात नोकरी हाय. घाबरताय कशाला?"

वडील गिऱ्हाइकानं सांगितलेलं मापसुद्धा स्वतः टेप लावून बघतात. सरांचा आकडा मात्र त्यांनी तसाच घेतला. मीही घेतला. पुढच्या आठवड्यात आम्ही बँकेत होतो.

बी.पी.एड.ची पदवी मिळाली, सरकारी जागा काही मिळाली नाही. शहरातल्या एका इंग्रजी शाळेत लागले. पगार अकरा हजार, तोही दहा महिने. उन्हाळ्याची सुट्टी शाळेला असते, बँकेला नसते. हप्ता बेचाळीसशे, दर पाच तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो. नावाला मी पी.टी. टीचर. प्रत्यक्षात पोरं बसमधून उतरवायची, प्रार्थनेच्या रांगा सरळ करायच्या, गॅदरिंगला खुर्च्या मोजायच्या आणि परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताच्या मॅडमना द्यायचा. त्यांचं गणित पक्कंच असणार. त्यांनी शारीरिक शिक्षण निवडलं नाही.

तरीही सरांवर माझा राग नव्हता. नशीब, सरकार, भरती, सगळ्यांना शिव्या घातल्या, सरांना नाही. दर गुरुपौर्णिमेला पैठणला जाऊन त्यांच्या हातात नारळ ठेवायचे.

मग यंदाच्या मे महिन्यात माझ्या जुन्या बी.पी.एड. कॉलेजातून क्लार्कचा फोन आला. जागा रिकाम्या राहतात, तुमच्या मैदानावरच्या मुली पाठवा, एका ॲडमिशनमागं पाच हजार देऊ, असं तो भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता. मी म्हटलं, असलं काही मला जमायचं नाही. तो हसला.

"मॅडम, लाजता काय? तुमच्या पैठणच्या सरांनी तुमच्या वर्षी अकरा पोरं आणली होती. त्यात तुम्ही पण होत्या की."

मी फोन ठेवला. सर दुकानात आले तेव्हा वडिलांनी चहाबरोबर खारी मागवली होती, ते आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. खारीचे पैसे त्यांनी शेजारच्याकडून उसने घेतले होते.

शाळा भरायच्या आधी, सकाळी मी शहरातच मुकुंदवाडीच्या बाजूला एका मैदानावर मुलींना खो-खो शिकवते. फुकट. तेवढा एक तास मला पदवी घेतल्यासारखं वाटतं. त्यातली एक मुलगी चपळ होती, माझ्या वेळच्या माझ्यापेक्षाही. बी.ए. झालेली. तिचे वडील रिक्षा चालवतात. फोननंतर दहाबारा दिवसांनी ते तिला घेऊन मैदानावर आले आणि रिक्षातली पावतीची वही माझ्यापुढं धरली.

"मॅडम, हिला तुमच्यासारखं बी.पी.एड. करायचंय. कर्ज काढावं लागंल. व्हय की नाय, तेवढं लिहून द्या. तुम्ही म्हणाल तसं."

पुन्हा पेन्सिल, पुन्हा तोच हिशोब. मी खरं ते लिहिलं. अकरा हजार गुणिले दहा. बेचाळीसशे गुणिले बारा. वजाबाकी करून बारानं भागलं. महिन्याला पाच हजारसुद्धा उरत नव्हते, आणि खोलीचं भाडं मी अजून धरलंच नव्हतं. खाली लिहिलं, "नको". तिला म्हटलं, खेळ सोडू नकोस, पण यासाठी कर्ज काढू नकोस.

त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"लई उपकार झाले. खरं सांगणारं माणूस भेटत नाय."

मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर यायची बंद झाली. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त बरं वाटलं. सरांना जे जमलं नाही ते आपल्याला जमलं, असा एक माज चढला होता.

जुलैच्या चार तारखेला मोबाईलवर पाच हजार जमा झाल्याचा मेसेज आला. मागोमाग क्लार्कचा फोन. ती मुलगी तिच्या वडिलांबरोबर कॉलेजात आली होती. फॉर्मवर "कोणामार्फत" असा रकाना असतो, तिथं तिनं माझं नाव लिहिलं होतं.

"मला नको आहेत ते पैसे," मी म्हटलं.

"मग परत पाठवा. नंबर तोच हाय," तो म्हणाला.

पाठवणारच होते. पण मे आणि जून, दोन्ही महिन्यांचा पगार नव्हता. खात्यात त्याआधी तीनशे बारा रुपये होते. उद्या पाठवू म्हटलं. सकाळी उठले तर पाच तारीख होती आणि बँकेनं बेचाळीसशे नेलेले होते.

सरांच्याही मागं तेव्हा कुठला हप्ता होता का, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारणारही नाही. त्यांना मी माफ केलेलं नाही. यंदा पैठणला गेले नाही.

गुरुपौर्णिमेच्या सकाळी ती मुलगी मैदानावर आली. मी तिला विचारलं, तो कागद वाचूनसुद्धा का?

"बाबा म्हणले, मॅडम एवढं नको म्हणतात, पण स्वतः रोज सकाळी मैदानावर असतात. फुकट. म्हणजे त्यात कायतरी असणारच," ती म्हणाली. "आणि मॅडम, रागावू नका. तुम्ही नाय म्हणलात, तरी तुमच्यामुळंच गेले ना. म्हणून तुमचं नाव लिहिलं."

तिला सांगायला हवं होतं की त्या नावाचे पाच हजार मिळाले, आणि ते कुठं गेले. शब्द तोंडात जुळवून झाले होते. तेवढ्यात तिनं वाकून पायाला हात लावला आणि पिशवीतून नारळ काढून पुढं केला.

मी तो घेतला.