मले नाई समजलं

राजापेठेतील एका शिकवणीवर्गाच्या खोलीत आम्ही जावा ही संगणकभाषा वापरणारे काही जण रविवारी एकमेकांना सल्ले देण्यासाठी जमतो. आमच्यातले ज्येष्ठ काका अकोल्याहून येतात आणि कोणी बोलू लागले की डोळे मिटून ऐकतात. नवख्यांना वाटते, झोपले. चाळिशीनंतर हे शिकू लागलेली मी बहुधा गप्पच असते.

त्या रविवारी मी फळबाजारातील अडत्यांसाठी केलेले छोटे वेब अॅप्लिकेशन दाखवले. ते दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचे होते. एका तरुणाने त्याचे अनेक स्वतंत्र भाग पाडून सगळे नव्याने लिहिण्याचा सल्ला दिला. मला त्यातले अक्षरही कळले नाही. मान मात्र डोलावली.

"मले नाई समजलं," ते डोळे उघडून म्हणाले. "पुन्हा सांग बरं."

"तुमाले? काका, तुमीच तर आमाले जावा शिकवली!"

"मंग आता तू शिकव. इतके तुकडे काहून?"

तरुण सांगू लागला, अडखळला आणि स्वतःच हसला. "ताईच्या कामाले एकच पुरे आहे, खरं म्हणजे."

माझा श्वास मोकळा झाला. काकांना खरोखरच समजले नव्हते का, हे विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.