बॉनेटखालचा गंज

रहीमचाचा नसते तर अकोटमधलं माझं काम पाचव्या आठवड्यातच सुटलं असतं. चाचा आमच्या गॅरेजशेजारच्या शेडमध्ये डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणारे. त्यांचं नाव आधी, मग बाकीचं.

मी देवगडचा. आठवीत शाळा सोडली, होड्यांच्या इंजिनांवर काम शिकलो. खाऱ्या हवेत लोखंड कसं कुजतं ते लहानपणापासून बघितलेलं. म्हणून गॅरेजच्या शेठनी बाबारावभाऊ या गिऱ्हाइकाची गाडी माझ्यावर सोपवली. जुना, बॉनेटवाला छोटा ट्रक, जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, कापूस वाहणारा. आठ दिवसांवर पासिंग होतं, म्हणजे आरटीओची तपासणी. नापास झाला तर भाऊ तो भंगारात काढणार होते.

बॅटरी उतरवली. ट्रेखालचा पत्रा पापडासारखा झालेला. दरवर्षी कुणीतरी वरून नुसता रंग मारला होता. मी फोन केला.

"भाऊ, बॉनेटखाली गंज आहे. काढू का?"

"बॉनेटखाली?" भाऊ हसले. "काढ ना बाप्पा! अन धुऊन ठेव."

धुऊन ठेव जरा विचित्र वाटलं. पण परवानगी मिळाली होती. ग्राइंडर लावला आणि कुजलेला पत्रा कापून टाकला.

संध्याकाळी भाऊ आले. "कुठी हाये गंज? वेचनीवाल्यायले वरन नेलं तवापासून हरवला. बायको माह्यावर चिल्लावून राहिली!"

मग त्यांना भोक दिसलं. तळहाताएवढं.

"काहून बे, गाडीले भोक पाडलं? थांब, शेठलेच बोलावतो!"

चाचा हातोडी घेऊनच आले.

"बाबाराव, आपला गंज वरन शिजवाचा. याच्या गावात जंगले गंज म्हन्तेत. तुमी काढ म्हनलं, यानं काढला. दोन दिवस द्या त्याले. नाही जमलं तं पत्रा मी मारून देतो."

"अन माहा गंज?"

"तो घरी धुंडा!"

इकडे गंज म्हणजे वरण शिजवायचं मोठं पातेलं, आणि आमच्या गंजाला इथे जंग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मी कामाला लागलो. सोड्याच्या पाण्याने बॅटरीचं अ‍ॅसिड धुतलं, तारेच्या ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासलं. चाचांनी पत्रा मापात कापून दिला, वेल्डिंग मी केलं. तरी मनात एकच किडा. ती जागा सारखी ओली का राहते? पुढच्या काचेखाली पाणी निघून जायला एक भोक असतं. त्यात तार घातली. बोळा निघाला. कापसाचा, काळा, चिंब. वर्षानुवर्षं उडालेला कापूस तिथे पाणी अडवत होता, आणि ते झिरपून ट्रेखाली येत होतं.

"कापसाच्या गावात जिंदगी गेली," चाचा म्हणाले, "अन हे दर्यावाल्यानं दाखवलं!"

प्रायमर, दोन हात रंग, सांध्यांत मेण. पासिंगला साहेबांनी बॉनेट उघडलं, अंगठा दाबून बघितला, बंद केलं. पास! पुढचा पावसाळाही गेला, लाल ठिपका नाही. आता भाऊ दर महिन्याला ते भोक स्वतः साफ करतात.

गंजही मिळाला. त्याच ट्रकच्या सीटमागे. मी धुऊन ठेवला.

तेव्हापासून कापण्याआधी गिऱ्हाइकाला बोट लावून दाखवतो, आणि जंगच म्हणतो. चाचांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. एक दिवस त्यांना देवगडला नेणार आहे. खरा गंज काय असतो, तेही दाखवीन.