दोन माणसांची मोटार

आमच्या घरात ती मोटार माझ्या लग्नाआधीपासून होती. सासरी हळ्ळीखेडात धान्याची अडत. थोरले भावजी दुकान बघायचे आणि आमचे मालक, म्हणजे धाकटे, आसपासच्या खेड्यांतून तूर, करडई ठरवत हिंडायचे. हिंडायला घरची बैलगाडी होती. तरी त्यांनी सिकंदराबादेच्या छावणीतून एका गोऱ्या साहेबाची जुनी मोटार आणली. साहेब कायमचा विलायतेला निघाला होता. शर्यतीत पळवायला केलेली मोटार ती. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, वर कापडाचा टप, चाकांना सायकलीसारख्या तारा. आली तेव्हाच तिचा हिरवा रंग जागोजाग उडाला होता. तिच्यात पोतं मावत नसे, घरची माणसं बसत नसत, आणि पावसाळ्यात काळ्या रानाच्या वाटेवर ती चालतच नसे. भावजींना ती उधळपट्टी वाटायची. बोलत नसत, पण मोटारीच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही.

ती खोली म्हणजे अंगणाच्या कडेची जुनी कडब्याची खोली. निजामाच्या राज्यात शुक्रवारी कचेऱ्या बंद, बाजारातही वर्दळ कमी, म्हणून मालक सकाळपासून तिथं असत. मी चहा घेऊन जायची आणि दारात जरा रेंगाळायची. एकदा त्यांनी ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

"हात लाव. चावत न्हाई ती."

तेव्हापासून तारा पुसायचं काम माझं झालं. मुरमाची तांबडी धूळ तारांच्या मुळाशी जाऊन बसते, तिथं ओल धरली की गंज चढतो. म्हणून एकेक तार आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं, शेवटी तेलाचा हात. कातडी गादीला एरंडेल, तेही थेंबभर. जास्त झालं की उन्हात चिकटतं. दिव्यांच्या पितळेला चिंच आणि राख. प्लग काढून रॉकेलमध्ये टाकायचे आणि काजळी खरवडायची. खालची चौकट लाकडाची, तिला वाळवी लागू नये म्हणून मिरगाच्या आधी डांबर. हे सगळं ते मला सांगायचे, हातानं दाखवायचे. सासूसमोर नवऱ्याशी बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. सासूला आम्ही अव्वा म्हणायचो. त्यामुळे दिवसाउजेडी आमचं जे काही बोलणं झालं ते त्या खोलीत, आणि बहुतेक मोटारीबद्दलच.

सुगी संपत आली होती. भावजींना काय वाटलं कोण जाणे, ते एका सकाळी मालकांना म्हणाले की मलाही चालवायला शिकव. मालक हरखून गेले. माझ्याकडून त्यांनी काच पुन्हा पुसून घेतली. दोघं भाऊ हुमनाबादच्या रस्त्यानं गेले. जाताना मालक चालवत होते, येताना भावजी.

गावाजवळच्या ओढ्यावर अरुंद पूल होता. समोरून कडब्याची गाडी आली आणि मोटार उजवीकडच्या कठड्यावर जाऊन घासली. भावजींचा गुडघा फुटला. मालकांचं डोकं दगडावर आपटलं. त्याच कडब्याच्या गाडीत घालून दोघांना घरी आणलं. एक कण्हत होता. दुसऱ्याच्या तोंडावर गाडीवानानं आपला पटका टाकलेला होता.

आमच्यात माती देतात. मालकांना बसवलं, गळ्यात लिंग होतंच, कपाळाला विभूती लावली, आणि संध्याकाळच्या आत सगळं आटपलं. भावजी पलीकडच्या खोलीत खाटेवर होते. त्यांना उठता येत नव्हतं.

मोटार बैल जुंपून ओढत आणली आणि त्याच खोलीत ढकलली. अव्वानं बाहेरून कडी घातली. माहेराहून, राजेश्वर गावाहून, माझे वडील आले. आमच्या लोकांत विधवेचं पुन्हा लग्न लावतात, त्याला उडकी म्हणतात. वडील म्हणाले, वय लहान आहे, बघू. अव्वाही जा म्हणाली. मी जाते म्हणाले नाही आणि राहते असंही म्हणाले नाही. वडील बरेच दिवस थांबून एकटेच परत गेले.

माझ्या मनातून एक गोष्ट जात नव्हती. मालक डावीकडं बसले होते आणि कठडा उजवीकडं होता. मधे भावजी होते. मग दगड मालकांच्या डोक्याला कसा लागला? विचारायचं कुणाला? थोरल्या दिरासमोर मी डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हते, बोलणं तर लांबच.

पावसाळा सरला तेव्हा भावजी काठी टेकत चालायला लागले होते. एका शुक्रवारी त्या खोलीतून खरवडल्याचा आवाज आला. मी गेले. दार उघडं होतं. भावजी एक पाय लांब पसरून जमिनीवर बसले होते आणि विटेच्या तुकड्यानं चाकाच्या तारा घासत होते. वीट घासली तर तारेवरचा मुलामा जातो. मी दारातच उभी राहिले. मागं अक्का येऊन थांबली, भावजींची बायको. भावजींनी मान वर केली, पण माझ्याकडं बघितलं नाही. ते अक्काला म्हणाले,

"तिला इचार, ह्या तारा तो कशानं पुसायचा."

अक्कानं मला विचारायची गरज नव्हती, मी ऐकलंच होतं. तरी तिनं विचारलं. मी तिला सांगितलं, फडकं आणि तेल, आणि गंज असेल तर राख. तिनं ते भावजींना सांगितलं. मग मी राख आणली.

असं सुरू झालं. भावजींना वाकता येत नव्हतं, म्हणून खालचं सगळं मी करायची. ते बसून पितळ घासायचे, प्लग साफ करायचे. चेपलेला पत्रा त्यांनी लोहाराकडून ठोकून सरळ करून घेतला. उंदरांनी गादीत घर केलं होतं, ते काढलं. टायर जमिनीवर बसून सडू नयेत म्हणून चारी बाजूंना दगड लावून मोटार उचलून ठेवली. कशासाठी, हे कुणीच विचारलं नाही. चालवणारं कुणी उरलं नव्हतं. गावात मात्र बोलणं सुरू झालं, की विधवा भावजय आणि थोरला दीर एका खोलीत असतात. ते अक्काच्या कानावर आलं. तेव्हापासून दर शुक्रवारी ती सुपात तूर घेऊन त्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली. काम संपेपर्यंत ती निवडत बसायची, आणि आमचं बोलणं तिच्यामार्फत व्हायचं.

एका जागेला आम्ही हात लावला नव्हता. डाव्या गादीवर गोणपाट टाकलेलं होतं. ते तसंच राहू दिलं होतं.

तिकडं विलायतेत मोठी लढाई सुरू झाली आणि इकडं पेट्रोल मिळेनासं झालं. मालकांच्या वेळचा एक डबा कोपऱ्यात होता, तळाशी थोडं शिल्लक असलेला. भावजी अक्काला म्हणाले की इंजिन एकदा फिरवायला पाहिजे, न्हाईतर आतून धरून बसंल. पुढचं हँडल मारायला गुडघ्यात जोर लागतो. तो त्यांना नव्हता. मी पदर खोचला आणि हँडल मारलं. बऱ्याच वेळानं इंजिन खोकललं, थांबलं, आणि मग एकदम लागलं. त्या लहान खोलीत तो आवाज मावत नव्हता. मला आनंद झाला, हे खरं.

तेवढ्यात अव्वा पळत आली. भाकरी थापताना उठलेली, हाताला पीठ. तिनं अक्काला उंबऱ्यावरून बाजूला सारलं.

"आलं का माझं लेकरू?"

तिनं भावजींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मोटारीकडं. भावजींनी इंजिन बंद केलं. अव्वा तशीच परत गेली आणि चुलीवरची करपलेली भाकरी काढून तिनं दुसरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिठ्याचं पाणी आणि एक जुनं लुगडं घेऊन ती खोलीत गेली. मी मागोमाग गेले. तिनं डाव्या गादीवरचं गोणपाट काढलं. डाग काळा पडला होता, कातडं तिथं तडकलं होतं. मी फडक्यासाठी हात पुढं केला.

"तू नको. माझ्या लेकराचं रगत हाय," ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती पुसत होती. डाग गेला नाही, फिकट झाला. नंतर तिनं मला एरंडेल मागितलं, आणि किती लावायचं तेवढं विचारलं.

त्यानंतर काही दिवसांनी भावजी माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. अक्का दूध उतू जाईल म्हणून आत गेली होती. मी ब्रेकच्या दांड्याला तेल देत होते. त्या मोटारीचा हातब्रेक बाहेरच्या अंगाला होता, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी. भावजी त्या दांड्याकडं बघत होते.

"मी ब्रेक म्हणून भलतंच दाबलं," ते म्हणाले. "मोटार थांबायच्या ऐवजी पळाया लागली. मला काय सुचंना. तो माझ्या अंगावरून आडवा झाला नि ह्यो दांडा वढाया बाहीर वाकला. तेवढ्यात कठडा आला. मग मी त्याला वढून त्याच्या गादीवर टेकवला."

मी तेलाची बाटली खाली ठेवली. ते पुढं म्हणाले, "त्याच्या जागी बसून ऱ्हायला असता तर त्याला काय बी झालं नसतं."

मला जे कळायचं होतं ते कळलं. हलकं मात्र वाटलं नाही. ह्या माणसाच्या मांडीवर आडवं पडून माझा नवरा मेला, आणि हा माणूस इथं बसून पितळ घासतो, एवढंच मनात येत राहिलं. पुढं बरेच शुक्रवार मी खोलीकडं फिरकले नाही. भावजींनी बोलावलं नाही. एकदा मी अंगणातून जाताना बघितलं, ते पोटावर सरपटत मोटारीखाली शिरायला बघत होते, दुखरा पाय मागं ओढत. अक्का उंबऱ्यावर बसून बघत होती. ती मला म्हणाली, "त्याला जमत न्हाई. जा तू." मी गेले. आधी वाटलं होतं, आपण पुन्हा कधीच जाणार नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाचं राज्य जाणार की राहणार, यावर सगळीकडं रान पेटलं होतं. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत हिंडायच्या. शेजारपाजारचे लोक हद्दीपार सोलापूरकडं निघून गेले. आम्हीही निघणार होतो, पण अव्वा अंथरुणाला खिळली होती.

एका दुपारी ट्रकमधून माणसं आली. दुकान लुटलं, घर धुंडाळलं, आणि अंगणाच्या कडेची खोली उघडली. आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. अव्वा खाटेवर, अक्का आणि मी दाराच्या फटीशी. त्यांचा म्होरक्या मोटारीभोवती फिरला. बॉनेटवरून त्यानं बोट फिरवलं, आणि बोटाला धूळ लागली नाही. त्यानं दखनी उर्दूत विचारलं, हिची निगा कोण राखतो?

"मीच," भावजी म्हणाले.

खालचे दगड काढले, ट्रकमधलं पेट्रोल ओतलं, हँडल मारलं आणि मोटार लागली. आम्ही ती गंजू दिली असती, तर त्यांनी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नसतं. हे त्या वेळी सुचलं नाही. नंतर मात्र रोज सुचायचं. त्यांच्यातला एक जण चालवायला बसला. वाटेत बिघडली तर हवा म्हणून भावजींना डाव्या बाजूला बसवलं. त्यांची काठी अंगणातच राहिली. भावजींना प्लग साफ करण्यापलीकडं काही येत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर खरी निगा कोण राखतं ते त्या माणसांना कळलं असतं.

त्यानंतर अक्का माझ्याशी बोलेनाशी झाली. एकाच चुलीवर आम्ही आळीपाळीनं भाकरी करायचो. एकदाच ती म्हणाली,

"तुझा गेला तव्हा मी रडले. माझ्या माणसासाठी तू रडू नको."

फौजा आल्या, राज्य बदललं, आणि मग भावजी परत आले. कुणीतरी त्यांना मंठाळच्या बाजूनं बैलगाडीत घालून आणलं. मोटार मंठाळच्या पुढं बंद पडली होती. टाकीतलं पाणी आटून इंजिन जागीच अडकलं. ते त्यांना सुरू करता आलं नाही, म्हणून त्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं आणि रस्त्याकडेला टाकलं. तिथल्या एका शेतकऱ्यानं त्यांना इतके दिवस कडब्याच्या गंजीत लपवून ठेवलं होतं. मोटार अजून तिथंच पडून आहे, चाकं लोकांनी काढून नेली, असं भावजींनी मला सांगितलं. आता अक्कामार्फत नाही, सरळ माझ्याकडं बघून. आणायची का, असं त्यांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांच्या छातीत काहीतरी तुटलं होतं. खोकल्यातून रक्त पडायचं. ज्वारी निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या दिवसांत ते गेले. भावाच्या शेजारीच त्यांना माती दिली. अव्वाला आम्ही सांगितलं नाही. तिला सगळं कळतं की नाही, हेच आम्हाला कळत नव्हतं.

घरात कमावतं माणूस राहिलं नाही. दिवस झाल्यावर अक्का मला म्हणाली, दुकान उघडू या. मी बरं म्हणाले. आम्ही दोघींनी दुकानाच्या फळ्या काढल्या, फुटका तराजू सुतळीनं बांधला, आत झाडलं, आणि पदर सावरून दारात बसलो. रस्त्यानं ओळखीच्या गाड्या तुरीची पोती भरून जात होत्या. गाडीवान आमच्याकडं बघायचे आणि बैलांना पुढं हाकायचे; बायकांच्या तराजूवर माल घालायला कुणी थांबलं नाही. दिवस मावळल्यावर अक्कानं फळ्या लावायला घेतल्या. दुसरी बाजू मी धरली.