सोफ्याखालचं काळं कापड

सोफा पालथा घालून कोण बघतो? या एका भरवशावर खपतात असले सोफे.

याकूबभाईंचं तसं नव्हतं. भोरात त्यांचं दुकान होतं तोवर सोफ्याखाली मारायचं काळं कापड ते माझ्याकडून नेत. तीन बाजूंना चुका ठोकायचे, चौथी उघडी ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की, "हात घाला आत, बैठकीचा पट्टा वढून बगा," आणि मगच चौथी बाजू बंद. गिऱ्हाईक कंटाळायचं. हे ऐकतील तर शपथ.

दुकान बसलं. साठीला टेकल्यावर ते वरव्याजवळच्या एका सोफ्याच्या कारखान्यात लागले. काम एकच, पिनांच्या बंदुकीनं खालचं कापड मारायचं, चारी बाजूंनी. आत खोक्यांच्या फळ्या आणि ढिले पट्टे. मी टोचलं तर म्हणाले, "मालक म्हंतो झाका. म्या झाकतो."

त्यांच्या लेकीचे, नुजहतचे सासरे हाशिमभाई सोफा घ्यायला मुद्दाम तिथंच आले. सोबत मी होतो.

"याकूबभाई, आतनं कसाय? तुमी म्हनाल तरच घेतो."

मागं मालक उभा. याकूबभाईंनी मान वर केली नाही. "घ्या. चांगलाय."

मला सगळं ठाऊक होतं आणि मी मूग गिळून बसलो. लाज वाटते सांगायला.

तीन महिन्यांत सोफा पाहुण्यांसकट खचला. हाशिमभाईंनी तो पालथा घातला, कापड टराटरा फाडलं आणि सुनेला म्हणाले, "तुज्या बापाला ठावं व्हतं." नुजहत भडकली. तडक माहेरी आली. मी तिथंच चहा पीत होतो.

"अब्बा, तुमाला ठावं व्हतं का? येवडंच सांगा."

याकूबभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई."

तिनं उभ्या उभ्या सासऱ्यांना फोन लावला. "माज्या अब्बांची मापी मागा. तवर मी येनार न्हाई."

दोन महिने झाले. हाशिमभाई माफी मागत नाहीत, आणि कशाची मागतील? याकूबभाई खरं बोलत नाहीत. मीही नाही. दोन म्हातारे, एका पोरीचा संसार मोडताना बघतोय.

ते अजून त्याच कारखान्यात जातात. सकाळच्या एसटीआधी त्यांचा डबा नुजहतच भरून देते.