साबणाच्या डबीचा माऊस

जयू गेली, हा निरोप शेजारच्या काकूंच्या फोनवर आला. मी कणीक मळत होते. पिठाच्या हातांनीच रिसीव्हर धरला, तर पलीकडून एडवणहून तिचा दीर बोलत होता, ‘‘वैनी गेल्या. कावील झालती.’’ कधीपासून, विचारलं तर म्हणे, ‘‘बरेच दिस डोळे पिवळे होते. दवाखान्यात गेल्या, पन गर्दी बगून परत आल्या. उद्या जाईन बोलल्या.’’ मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. दिवसकार्याला जमलेल्या बायका म्हणत होत्या, किती शांत पोर, कधी कसली तक्रार नाही. भरल्या ताटावरून उठून जावंसं वाटलं मला. जयू कुठली शांत! माझ्या घरी राहायची तेव्हा एवढी बडबडायची, की आमचे हे रेडिओ बंद करून बसायचे. वाट बघत थांबायची सवय तिला नंतर लागली, आणि ती कुठे लागली ते मला चांगलं ठाऊक आहे.

जयू माझी मावसबहीण, शिरगावची. मावसाजींची होडी, मावशी किनाऱ्यावर बोंबील सुकवायची. पोरीला लहानपणापासून एकच नाद. वहीच्या कोपऱ्यांत मासे काढायचे आणि पानं भराभर सोडून ते उडवायचे. बारावी झाली आणि बोईसरला कॉम्प्युटर क्लासवर पाटी लागली, ‘कॉम्प्युटरवर कार्टून बनवायला शिका.’ मी बोईसरलाच राहते, म्हणून मावशीने तिला माझ्याकडे धाडली. फी पूर्ण भरली, इतरांसारखीच. पण क्लासात कॉम्प्युटर थोडे आणि मुलं जास्त, तेव्हा एका मशीनवर दोघं. सरांनी नियमच करून टाकला. माऊस मुलगा धरणार, मुलगी शेजारी बसून बघणार. ‘‘मशीन नाजूक आहे, मुलींनी आधी बघून घ्यावं, मग नंबर येईलच.’’ जयूच्या मशीनवर नीलेश होता, तारापूरच्या कॉलनीतला. मुलगा वाईट नव्हता. पण हातात आयता आलेला माऊस एकदा तरी ‘घे’ म्हणून पुढे करावा, हे त्याला सुचलं नाही ते नाहीच.

घरी आली की जयू मला शिकवायची. हलणारं चित्र म्हणजे पुष्कळ चित्रं एकामागून एक, प्रत्येकात जरासा फरक. नवं चित्र काढताना मागचं खाली फिकट दिसतं, म्हणजे हात किती सरकवायचा ते कळतं. माझी साबणाची डबी तिने घेतली, तिला सुतळीची शेपटी बांधली आणि टेबलावरच्या मेणकापडावर ती फिरवत बसायची. बोटाने डबीवर टिचकी, तोंडाने ‘टक’. मी टेबल पुसायला गेले तर ओरडायची, ‘‘ताई, हलवू नको, माजं चित्र चाललंय!’’ आम्ही हसायचो. आता आठवलं की माझंच डोकं तापतं... कॉम्प्युटर शिकायला आलेली पोर साबणाच्या डबीवर शिकत होती, आणि आम्ही हसत होतो.

शेवटी प्रत्येक जोडीने एक छोटी फिल्म करायची होती. नीलेशला रॉकेट उडवायचं होतं. जयू म्हणाली, बोंबील करू. माज्या आयशीचे हात दाखवू. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. नीलेशने काढलेला पहिला हात क्रेनसारखा सरळ वर गेला. जयू शेजारून सांगत राहिली, ‘‘आदी मनगट वलव. बोटं मागून येतील. आनि बोंबील टाकल्यावर लगेच थांबत नाय, झुलू दे त्याला.’’ ती सांगायची, तो काढायचा. शेवटचा तुकडा राहिला होता, तेव्हा नीलेश तापाने आला नाही. जयूचा नंबर लागला. नवा ड्रेस घालून गेली होती त्या दिवशी. मावशी कमरेला हात पुसते आणि पुढचा बोंबील उचलते, एवढंच काढायचं होतं. जवळजवळ झालंही. आणि लाईट गेली. अणुवीज केंद्र उशाशी घेऊन झोपतो आम्ही, आणि आमच्याकडे लाईट जाते! ‘‘सेव केलं नव्हतंस?’’ मी विचारलं. ‘‘इसरले... पैल्यांदा हातात आला होता ना.’’ मी म्हटलं, सरांकडे आणखी एक दिवस माग. तर म्हणे, ‘‘येल ना ताई माजा नंबर.’’

दुसऱ्या दिवशी नीलेश बरा होऊन हजर. तो तुकडा सोडूनच फिल्म संपवली. क्लासच्या समारंभात पडद्यावर ती दाखवली आणि खाली नाव आलं एकट्या नीलेशचं. मशीन त्याच्या नावावर होतं म्हणे. जयूने टाळ्या वाजवल्या. मी मात्र सरांना गाठलं. ते म्हणाले, ‘‘ताई, सर्टिफिकेट दोघांनाही दिलंय.’’ तीच फिल्म दाखवून नीलेश मुंबईच्या स्टुडिओत लागला. जयूचं एडवणला लग्न झालं. जाताना डबी मला देत म्हणाली, ‘‘ठेव, परत आले की लागेल.’’

मागच्या आठवड्यात नीलेश भेटायला आला. कोणाकडून तरी कळलं होतं त्याला. म्हणाला, ‘‘ताई, फार वाईट झालं. ती माझ्या शेजारी बसायची.’’ बोलता बोलता तो टेबलापुढच्या जयूच्या खुर्चीत बसला. डबी समोरच होती, शेपटीसकट. त्याचा हात आपोआप तिच्यावर गेला.

‘‘हात काढ,’’ मी म्हटलं.

तो दचकून उठला. मी बाजूला स्टूल सरकवलं. ‘‘इथे बस. शेजारी.’’ तो बसला. मी पाणी दिलं नाही, चहा टाकला नाही. रिकाम्या खुर्चीकडे आणि त्या डबीकडे बघत तो बसून राहिला. बऱ्याच वेळाने खाली मान घालून म्हणाला, ‘‘ताई... किती वेळ बसू?’’

मी म्हटलं, ‘‘नंबर येईपर्यंत.’’