मंदाकिनी धोंडीबा भोईर हजर आहे

रतनने शिवलेला ब्लाउज सांगितलेल्या दिवशी मिळाला, असं म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. बाळकुमच्या टॉवरमधल्या सगळ्या बायका तिच्या नावानं बोटं मोडतात आणि पुढचं कापड पुन्हा तिच्याकडेच टाकतात. मीही त्यातलीच. मी तर दर सणाला तिच्याशी भांडते. माझा स्वभावच तसा आहे. ठाण्याच्या कोर्टात स्टेनोग्राफर म्हणून माझी उभी हयात गेली. तिथे साहेबांपुढे तोंड मिटून बसावं लागायचं, ते सगळं आता निवृत्तीनंतर बाहेर पडतंय, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे.

तर ही रतन. पन्नाशी ओलांडलेली, काटक, गळ्यात कायम मापाची टेप. बाळकुम गाव होतं तेव्हाची ही इथल्या धोंडीबा भोईरांची थोरली मुलगी. लग्न होऊन शहाडला गेली, नवरा गेल्यावर शिलाई मशीन टेम्पोत घालून माहेरी परत आली आणि बापाच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडून बसली. तीच खोली तिचं दुकान, तेच तिचं घर. 'रतन लेडीज टेलर' या पाटीला खिळे धोंडीबांनी स्वतःच्या हातानं ठोकले. पुढे आईबाप गेले. मागच्या खोल्यांत धाकटा भाऊ राघो, त्याची बायको, पोरं, आणि पुढे ही. बरं चाललं होतं.

मग बिल्डरचा माणूस यायला लागला. त्यानं राघोच्या डोक्यात भरवलं, की घरावर एकाचीच सही लागली तर काम झटपट होईल. राघोनं दावा ठोकला. घर बापानं मला तोंडी दिलंय, बहीण माझ्या परवानगीनं राहते, तिला खोली खाली करायला सांगावं. बहिणीशी एक शब्द न बोलता हे सगळं केलं आणि त्याच संध्याकाळी लेकीचा फ्रॉक हुक लावायला तिच्याचकडे पाठवून दिला. मला हे कळलं तेव्हा असा संताप आला, की हातातला कुकर मी ओट्यावर आपटला.

समन्स आलं. रतन चौथी शिकलेली, तिनं ते वाचलं, तारीख लक्षात ठेवली. वकील नाही लावला. म्हणाली, "राघोशी बोलायला वकील कशाला? साहेब विचारतील, तो त्याचं सांगेल, मी माझं सांगीन." ठेवणीतली साडी नेसून ती कोर्टात गेली आणि बाहेरच्या बाकावर बसली.

कोर्टात पुकारा होतो. म्हणजे पट्टेवाला दारात येऊन ज्याची केस असेल त्याचं नाव तीनदा ओरडतो. कोणी उठलं नाही तर गैरहजर. त्या दिवशी पट्टेवाला आला आणि ओरडला, "मंदाकिनी धोंडीबा भोईर." पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला. रतन शेजारच्या बाईकडे वळून म्हणाली, "बघा, तारीख असून लोकं येत नाहीत."

राघो त्या दिवशी आलाच नव्हता. त्याचा वकील आला होता, पण त्याला ही ओळखत नव्हती. संध्याकाळपर्यंत बसून राहिली, डब्यातली भाकरी तिथेच खाल्ली आणि कोर्ट उठायला लागलं तेव्हा समन्स पुढे करून कारकुनाला विचारलं, माझा नंबर कधी. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "बाई, तुमच्याविरुद्ध एक्स पार्टे झालंय."

मंदाकिनी म्हणजे ही स्वतःच. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'रतन' लिहिलं, तेव्हापासून ती रतन. त्याआधी तरी तिला मंदाकिनी कोण म्हणत होतं? आईबाप 'बाय' म्हणायचे, भाऊ 'ताई' म्हणायचा. मंदाकिनी ही फक्त शाळेच्या हजेरीत होती, आणि शाळा चौथीतच सुटली.

ती थेट माझ्याकडे आली. मी आधी तिला झाडली. समन्सवर नाव वाचलं नव्हतंस का? डोळे कुठे होते?

"वाचलं ना काकू. मीच ती, हे ठाऊक होतं. पण कान रतनकडे लावून बसलेली."

मी चहा टाकला. तिनं कप हातात घेतला आणि विचारलं, "एक्स पार्टे म्हणजे काय?"

"लॅटिन आहे. एकाच बाजूचं ऐकून चालवायचं. आता राघो बोलणार, तू नाही."

"आणि मग खोली?"

"मग खोली जाणार."

तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "ज्या शब्दानं मला बापाच्या घरातून काढतायत, तो निदान नीट पाठ तरी करू दे. आणि दुसऱ्या बाजूचं पण ऐका, असं सांगायला काय शब्द नाय का त्यांच्यात?"

आहे, मी म्हटलं. ऑडी आल्टेरम पार्टेम. इतकी वर्षं हे तीन शब्द मी टाइप करत आले, ते बाईमाणसाच्या डोक्यावरचं छप्पर वाचवायला असतात, हे त्या दिवशी माझ्या चहाच्या टेबलावर मला पहिल्यांदा जाणवलं. रतननं ते माझ्याकडून घोटवून घेतले. दुसऱ्या दिवशी खाली गेले तर मशीनच्या पायडलवर तालात चाललं होतं, ऑडी, आल्टेरम, पार्टेम. मला बघून म्हणाली, "हा शब्द माझा."

कोर्टातून बायकांना फुकट वकील मिळतो. तो मिळाला. कल्याणची मेघना, अंगावरचा कोट अजून नवा, पण पोरगी हुशार आणि न घाबरणारी. तिनं दुकानात स्टुलावर बसून एकतर्फी हुकूम रद्द करण्याचा अर्ज तयार केला. "ताई, तुम्ही हजर राहिला नाहीत ते बोना फाइड कारणानं, हे आपल्याला दाखवायचंय."

रतननं मान वर केली. "बोनाफाईड? ते तर शाळेत मिळतं."

आम्ही दोघी हसलो, पण खरंच होतं. अख्खा महाराष्ट्र शाळेच्या खिडकीशी उभा राहून लॅटिन मागत आला आहे. मी तिला सांगितलं, बोना फाइड म्हणजे खऱ्या मनानं, लबाडी न करता. "मग तर मी आहेच बोनाफाईड," असं म्हणून तिनं सुईत दोरा ओवला.

त्यानंतर दुकानात लॅटिनचा सुळसुळाट झाला. गिऱ्हाईक बाई ब्लाउज कधी मिळेल विचारायची, तर ही सांगायची, "प्रायमा फेसी सोमवारी." म्हणजे वरवर पाहता सोमवारी, खरं कधी ते देव जाणे. एकदा बिल्डरचा माणूस खोलीचं माप घ्यायला आला. ही गळ्यातली टेप सावरत दारात उभी राहिली आणि म्हणाली, "स्टेटस को. जैसे थे. टेप गुंडाळा." तो बिचारा खरंच गुंडाळून गेला. मेघनाला कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला, कारण असा कुठलाही हुकूम अजून झालेला नव्हता.

पण मला धास्ती होती ती पुकाऱ्याची. पुढच्या तारखेला ही पुन्हा तशीच बसून राहिली तर? मी दुकानात फर्मान काढलं. ब्लाउज न्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईनं उंबऱ्याबाहेर उभं राहून खणखणीत आवाजात 'मंदाकिनी धोंडीबा भोईर' असं ओरडायचं, आणि हिनं 'हजर' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. आयटीतल्या मुली कानातले हेडफोन काढून ओरडायच्या. सुरुवातीला रतन दचकायची, मग इकडेतिकडे बघायची, मग उशिरानं 'हजर' म्हणायची. होता होता अशी तयार झाली, की 'मंदा' एवढं ऐकलं तरी मशीन सोडून उठायची. या भानगडीत माझा दिवाळीचा ब्लाउज तुळशीच्या लग्नाला मिळाला, ते सोडा.

अर्जाची सुनावणी आली. मीही गेले. पुकारा झाला, पहिलं नाव पुरतं व्हायच्या आत रतन दारात. त्या दिवशी राघोही आला होता, नवा शर्ट घालून, खाली बघत. राघोचे वकील बुजुर्ग आणि शांत होते. ते म्हणाले, समन्स हिला मिळालं होतं, हिला वाचता येतं, ही आवारात हजर होती, आणि स्वतःचं नाव तीनदा ऐकून उठली नाही. स्वतःचं नाव कोणाला ठाऊक नसतं? मग त्यांनी ठेवणीतलं काढलं. व्हिजिलांटिबस, नॉन डॉर्मिएन्टिबस, ज्युरा सबव्हेनियंट. कायदा जागत्यांच्या मदतीला येतो, झोपलेल्यांच्या नाही.

हे वचन मी कितीतरी हुकुमांत टाइप केलं होतं आणि त्यानंतर अर्ज फेटाळलेला पाहिला होता. मेघना उठून बोलली, चांगलं बोलली, पण साहेबांची मान काही हलली नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"साहेब, मी झोपलेली नव्हती."

मेघना तिला गप्प करायला वळली. साहेबांनी हातानं थांबवलं. "बोलू द्या त्यांना."

रतन उभी राहिली. टेप गळ्यातच होती, काढायची विसरली होती. "साहेब, नाव माझंच. पण त्या नावानं मला कोणी हाकच मारलेली नाय. बाप बाय म्हणायचा, सासरी रतन झाली. मी तिथंच दाराशी बसलेली, माझं नाव येईल म्हणून. तुम्ही राघोलाच विचारा ना, त्याच्या बहिणीचं नाव काय."

साहेबांनी राघोकडे पाहिलं. "सांगा. तुमच्या बहिणीचं नाव काय?"

राघो उठला. विचार करायलाही थांबला नाही. "रतन," म्हणाला.

त्याच्या वकिलांनी हळूच फाइल मिटली. साहेबांनी विचारलं, दाव्यात मंदाकिनी लिहिलंय ते कुठून आणलं? राघो म्हणाला, बाबांच्या पेटीत शाळेचा दाखला होता, त्यावरून. आणि मग का कोण जाणे, आपणहून म्हणाला, "आम्ही तिला ताई म्हणतो."

साहेब हुकूम सांगायला लागले. समोर कोवळी स्टेनो बसली होती, तिची बोटं चालू झाली आणि इकडे माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. अर्जदाराची गैरहजेरी बोना फाइड आहे, असं ते म्हणाले. आणि मग तिचा शब्द आला, ऑडी आल्टेरम पार्टेम. रतननं माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली. एकतर्फी हुकूम रद्द. दुसरी बाजू ऐकली जाणार. मला रडू आलं, आणि कोर्टात रडायची माझी ती पहिलीच वेळ.

पुढचा दावा रेंगाळत चालला, दावे चालतात तसा. पण त्यात आता दम राहिला नव्हता. तोंडी दिल्याचा राघोकडे एकही साक्षीदार निघाला नाही. उलटतपासणीत मेघनानं त्याला एवढंच विचारलं, की पुढच्या खोलीवरची पाटी कोणी ठोकली? राघो खोटं बोलू शकला असता. बोलला नाही. "बाबांनी," म्हणाला. तेवढ्यासाठी मी त्याला अर्धं माफ केलं.

निकालाच्या दिवशी मी पाहिलं, की रतन देवाचं नाव घेत डोळे मिटून बसली आहे. पट्टेवाला आला. "मंदाकिनी धोंडीबा भोईर." समोरच्या बाकावरून राघो वाकला आणि घाईघाईनं म्हणाला, "ताई, तुला बोलावतायत."

"ऐकलंय, राघो," ती म्हणाली. डोळे उघडले तेव्हा ती उभीच होती.

घरात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. पुढची खोली तिच्या ताब्यात राहील. राघोचा दावा फेटाळला. मेघनानं पायऱ्यांवरच पेढ्यांचा बॉक्स उघडला, आणि आमच्या टॉवरमधल्या ज्या बायका सुट्टी टाकून आल्या होत्या, त्यांनी असा गलका केला, की हवालदार बघायला आला. राघो जरा लांब उभा होता. रतन पेढा घेऊन त्याच्याकडे गेली.

"आता काय करायचं, ताई?" त्यानं विचारलं.

"स्टेटस को. तू मागं, मी पुढं. संध्याकाळी पोरीला पाठव, तिचा फ्रॉक झालाय."

पुढच्याच आठवड्यात पाटी रंगवायला माणूस आला. मी तेव्हा दुकानातच होते, ब्लाउजसाठी भांडत. रतननं त्याला नवा मजकूर सांगितला, 'मंदाकिनी धोंडीबा भोईर यांचे रतन लेडीज टेलर'. त्यानं पाटीवर वीत टेकवून पाहिली. म्हणाला, मावशी, एवढं बसायचं नाही, रतन लेडीज टेलर पुरे की, सगळे त्याच नावानं ओळखतात.

"अक्षरं बारीक कर," रतन म्हणाली. "नाव कापायचं नाय."