सुनंदा सहलीला आली नाही

आज एसटीत एक शाळकरी मुलगी खिडकीवर हनुवटी टेकवून वारा खात होती, आणि मला सातवीतली सुनंदा आठवली. मी तिची वर्गशिक्षिका. सहलीची नावं घेताना ती म्हणाली होती, “बाई, मला गाडी लागते.” मी पुढच्या मुलीकडे वळले.

सहलीनंतर तिची आई बाजारात भेटली. चार घरची धुणीभांडी करायची. गाडी लागण्याचं ऐकून ती हसली. “सुनीला? ती तर मामाकडे जाताना खिडकीसाठी भांडते.” मग हळूच विचारलं, “सहल कधी होती, बाई?”

आईवर नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून बारा वर्षांची पोर खोटं बोलली होती. अशा मुलांना आम्ही समजूतदार म्हणून नावाजतो. ते खोटं मला सोयीचं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.